यशवंत मिस्त्रींचे शार्क

कुणी हातात काहीही ठेवलं, की यशवंत मिस्त्री आधी त्याची कड बघायचे. आमच्या फौंड्रीत गणपतीच्या दिवसांत खव्याचे मोदक वाटत. बाकीचे लोक एक मोदक तोंडात टाकून दुसऱ्यासाठी हात पुढे करेपर्यंत मिस्त्री आपला मोदक उजेडाकडे धरून फिरवत असायचे. मग म्हणायचे, "दोन भागांचा साचा हाय. वरचा भाग जरा सरकलाय." आणि मग खायचे. मोदकाला नावं ठेवायचा त्यांचा हेतू नसे. वस्तू कशी झाली हे कळल्याशिवाय ती तोंडात घालायची नाही, एवढंच.

त्यांचं नाव यशवंत कांबळे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या फौंड्रीत ते पॅटर्न मेकर होते. लोखंडाची एखादी वस्तू ओतायची तर आधी ती लाकडात करावी लागते. ती लाकडी वस्तू वाळूत दाबून साचा होतो आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. साच्याचे दोन अर्धे जिथं जुळतात, तिथं ओतलेल्या वस्तूवर एक बारीक रेघ राहते. कितीही घासा, सराईत नजरेला ती सापडते. मिस्त्री आयुष्यभर ती रेघ शोधत राहिले. मोदकावर, बाहुल्यांवर, चौकातल्या पुतळ्यांवर आणि, माझी खात्री आहे, माणसांवरसुद्धा.

मी त्याच फौंड्रीत इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे संशय घेण्याचा मला पगार मिळे. ओतकामात हवेची भोकं राहिली, की काही हुशार मंडळी तिथं लोखंडाचा भुगा मिसळलेली लांबी भरून वरून घासून टाकतात. ती शोधायची आणि माल परत पाठवायचा, हे माझं काम. साहजिकच कारखान्यात मला चहाला बोलावणारे कमी. मिस्त्री मात्र बोलवत. नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही, कायम ‘इन्स्पेक्टर’ म्हणाले. दोघंही निवृत्त झालो, तरी ते बदललं नाही.

शार्कचा पहिला दात त्यांच्याकडे आला तो मातीबरोबर. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकट माती मिसळावी लागते आणि ती कच्छहून येते. आमच्याकडे ती आणायचा शंकर ड्रायव्हर. हा मूळचा गगनबावड्याचा. जाताना इथला गूळ न्यायचा आणि येताना तिकडची माती आणायचा. तिकडे गाडी भरायला दोन-दोन दिवस थांबावं लागे, तेव्हा हा पठ्ठ्या आसपासच्या कोरड्या नाल्यांतून हिंडायचा. एकदा आला आणि मिस्त्रींच्या टेबलावर त्यानं एक काळपट, चकचकीत, त्रिकोणी दगड ठेवला.

"मिस्त्री, मुशीचा दात हाय ह्यो. लई जुना. दगूड झालाय त्येचा."

मिस्त्रींनी तो उचलला. दाताच्या दोन्ही कडांना करवतीसारखे बारीक दाते होते. पाऊण तास ते रेघ शोधत बसले. जेवणाची सुट्टी संपली, भोंगा झाला, तरी मान वर नाही. शेवटी म्हणाले, "रेघ न्हाय."

"म्हणजे खरा?" मी विचारलं.

"म्हंजे अजून खोटा ठरला न्हाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं आणि त्यांच्याकडून मिळणारं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. मुलीचं लग्न झालं, तेव्हा जावई कसा आहे म्हणून मी विचारलं. मुलगी नर्स, जावई बँकेत, माणूस अगदी सालस. मिस्त्री थोडा विचार करून म्हणाले, "अजून खोटा ठरला न्हाय." सहा वर्षांनी विचारलं, तेव्हाही हेच. जावयानं ते एकदा ऐकलं होतं. त्याला राग आला नाही हे विशेष.

तर त्या पहिल्या दातासाठी मिस्त्रींनी रजा काढली आणि शंकरच्या ट्रकमध्ये बसून कच्छला गेले. पुढचं मला शंकरनं सांगितलं. नाल्यात उतरायच्या आधी मिस्त्रींनी त्याला खिसे उलटे करायला लावले. का, तर यानं आधीच दात आणून पुढे टाकू नये. मग स्वतः पुढे चालले आणि याला वीस पावलं मागं ठेवलं. पहिला दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी नखाएवढा एक दात मातीतून अर्धा वर आलेला दिसला. मिस्त्री त्याच्यापुढे खाली बसले. हात न लावता बसले ते बसलेच.

"मला वाटलं, ऊन लागलं ह्यास्नी," शंकर सांगत होता. "पाणी घिऊन गेलो, तर म्हनत्यात कसं, शंकर, हितं समुद्र हुता. म्हटलं, मी तरी दुसरं काय सांगत हुतो? तर म्हनाले, तू सांगिटलास म्हनून न्हवं रं. हुताच."

तेव्हापासून ते वर्षातून एकदा जायचे आणि शंकर प्रत्येक खेपेला काही ना काही आणायचा. निवृत्तीनंतर मिस्त्रींनी शिवाजी पेठेत एक अरुंद गाळा भाड्यानं घेतला. एका बाजूला तालीम, दुसऱ्या बाजूला फुटबॉलचे बूट शिवणारा माणूस. पुढच्या भागात ते छोट्या फौंड्रीवाल्यांसाठी पॅटर्न करत. मागच्या भागात कपाट होतं आणि कपाटात सागवानी डब्यांतून कापसावर ठेवलेले दात. कोल्हापूरच्या मातीत असला दात मिळायचा नाही, इथं सगळा काळा पाषाण, थिजलेला लाव्हा. पण शिवाजी पेठेतल्या त्या कपाटात अख्खा एक समुद्र दात विचकून बसला होता.

प्रत्येक दाताची वहीत नोंद. क्रमांक, तारीख, कुठल्या नाल्यात सापडला, लांबी, रुंदी, कुणाला सापडला, आणि शेवटच्या रकान्यात साक्षीदाराची सही. शंकरनं आणलेल्या बहुतेक दातांपुढे माझी सही आहे. मी एकदा कुरकुरलो, की मी तिथं नव्हतो, तर सही कसली करू?

"सापडल्याची न्हवं. दात हाय, ह्याची करा," मिस्त्री म्हणाले. "उद्या कोन म्हनलं, कांबळेनं ह्यो दात कुटनं उचलला, तर?"

"कोण म्हणणार आहे?"

यावर त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. फौंड्रीत नवीन लागले होते तेव्हाची. स्टोअरमधला एक मायक्रोमीटर हरवला. गेटवर तीसेक माणसं रांगेत उभी होती. पिशवी तपासली एकट्या कांबळेची. डबा उघडला, भाकरी उलटून बघितली. तिसऱ्या दिवशी मायक्रोमीटर सुपरवायझरच्याच ड्रॉवरमध्ये सापडला. कुणी काही बोललं नाही.

"बाकीच्यांवर संशय घ्यायला लोकांस्नी पुरावा लागतोय, इन्स्पेक्टर. आमच्यावर घ्यायला आडनाव पुरतंय. तवापासनं मी पुरावा आदी ठेवतो, काम मागनं करतो."

त्यानंतर त्यांनी कारखान्याचं एकही हत्यार घरी किंवा गाळ्यात नेलं नाही. पटाशी, रंधा, कानस, पट्टी, सगळं स्वतःचं घेतलं आणि प्रत्येकावर ठसे उठवायच्या पंचानं ‘य. कां.’ अशी अक्षरं ठोकली. दुसऱ्याची पट्टी कुणी पुढे केली तर ते घेत नसत. दुसऱ्याच्या मापावर त्यांचा भरवसाच नव्हता.

मी सह्या करत गेलो. पण खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर पूर्ण विश्वास नव्हता. इतका चोख हिशेब ठेवणारा माणूस नेमकं काय लपवतो, असं मला वाटायचं. इन्स्पेक्शनमध्ये आयुष्य काढलं की असं होतं. फार गुळगुळीत कास्टिंग दिसलं, की लांबी कुठे भरलीय हेच डोळे शोधतात.

मिस्त्रींची कीर्ती पसरली, तशी माणसं दात दाखवायला यायला लागली. एकदा नेसरीहून एक पाहुणे आले. पांढरीशुभ्र टोपी, खिशात रुमालात गुंडाळलेला दात. विहीर खणताना चाळीस फुटांवर सापडला म्हणाले. मिस्त्रींनी आधी पाणी दिलं, मग चौकशी सुरू केली.

"पावणं, हिरीत काळा दगूड लागला का?"

"लागला की. सुरुंग लावाय लागला."

"त्या दगडात दात हुता?"

"दगडातच. मी सोता काढला."

"लाव्ह्यात मासा पवत हुता म्हना की."

पाहुण्यांना लाव्हा कळला नाही, पण टोमणा कळला. ते तापले. मिस्त्रींनी शांतपणे सुई स्टोव्हवर लाल केली आणि दाताच्या मुळाशी टेकवली. चर्र झालं आणि गाळाभर वास सुटला. तो वास मी झोपेतही ओळखीन. लांबी! अर्धा दात खरा, अर्धा भरून घासलेला.

"इन्स्पेक्टर, तुमचं गिऱ्हाईक," मिस्त्री म्हणाले.

पाहुणे थोडा वेळ छताकडे बघत बसले आणि मग हसायला लागले. "आयला, जत्रंत घेतला वो. पोरांस्नी म्हटलं हिरीत घावला. मग गावात तेच झालं. आता तुमीच सांगा, मागं कसा येऊ?" मिस्त्रींनी त्यांना चहा पाजला आणि जाताना नखाएवढा एक खरा दात दिला. वहीत नोंद केली, पाहुण्यांची सही घेतली. खोटं कबूल करणाऱ्या माणसाबद्दल त्यांना फार आदर वाटायचा.

आता जे सांगायचं ते सांगायला मला जड जातं.

त्यांच्या संग्रहात एक दात सगळ्यांत मोठा होता. जवळजवळ तळहाताएवढा, राखाडी-निळा, टोक अजून बोटाला टोचेल असा. शंकरला मिळालेला. एका सकाळी मी गाळ्यात गेलो, तर मिस्त्री बूटवाल्याकडे बोलत उभे होते. मी आत शिरलो. टेबलावर दोन भागांचा साचा उघडा पडला होता आणि त्यात हुबेहूब त्या मोठ्या दाताचा आकार होता. तेवढ्यात मिस्त्री आले. त्यांनी साचा उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "काय काम काढलासा?" साच्याबद्दल एक शब्द नाही.

अर्धवट काम ते कुणालाही दाखवत नसत, हे मला तीस वर्षं माहीत होतं. तरीही मनात पाल चुकचुकली. आणि मी विचारलं नाही. विचारायला काय झालं होतं? पण संशय आला की तो विचारून संपवून टाकण्यापेक्षा जपून ठेवण्यात माणसाला जास्त गोडी वाटते. मला तरी वाटली.

मध्ये दीड-दोन वर्षं गेली. मिस्त्रींच्या छातीचं दुखणं सुरू झालं होतं. वाळूची धूळ ओतशाळेत जन्म काढणाऱ्या कुणालाच सोडत नाही. एके दिवशी म्हणाले, "माज्या मागं ह्यांचं काय? पोरीच्या घरात जागा न्हाय. शंकर आज हाय, उद्या न्हाय. कपाट एका जागी ऱ्हायला पायजे. आनि कुनीतरी शिकलेल्यानं लिवून द्याय पायजे, की ह्ये दात खरं हायत आनि कांबळेनं गोळा केल्यात. एवढंच पायजे मला."

एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागातल्या बाई संग्रह ठेवून घ्यायला तयार झाल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. वयानं तरुण, बोलायला स्पष्ट. मिस्त्रींनी आधी मॅडमचीच परीक्षा घेतली. ओळख न देता तीनदा कॉलेजात जाऊन आले. कपाटांना कुलपं लागतात का, खडकांच्या नमुन्यांवर धूळ किती, चिठ्ठ्या सरळ लावल्यात का, सगळं बघितलं. शिपायाला विचारून घेतलं, की मॅडम वेळेवर येतात का. मग डबे आणि वही एका रिक्षात घालून स्वतः नेऊन दिली. मॅडम म्हणाल्या, आठ दिवस द्या, मी तपासते.

पाचव्या दिवशी मॅडमचा मला फोन आला. वहीत माझी सही आणि नंबर होता. मी गेलो. टेबलावर दात मांडलेले, शेजारी वही आणि मापं घ्यायचा मॅडमचा व्हर्नियर.

"काका, एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "दात चांगले आहेत. पण एकही दात नोंदीशी जुळत नाही. वहीत पन्नास मिलिमीटर लिहिलंय, तर दात एक्कावन्न भरतो. हा मोठा, वहीत सत्तर, प्रत्यक्षात एकाहत्तर पूर्णांक चार. सगळ्यांचं तसंच. म्हणजे ही वही ज्या दातांची आहे, ते दात हे नव्हेत. बदलले गेलेत का? तुम्ही साक्षीदार आहात, तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं. म्हणजे इतके दिवस जपून ठेवलेलं बाहेर काढलं. मी म्हणालो, "मिस्त्रींच्या गाळ्यात मी या मोठ्या दाताचा साचा पाहिलाय."

मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं. मी घरी येताना स्वतःची समजूत घातली, की मी फक्त पाहिलेलं सांगितलं, इन्स्पेक्टरनं दुसरं काय करायचं असतं?

संध्याकाळी मिस्त्रींचा फोन. "मॅडमनी उद्या बोलावलंय. तुमी चला संगट. साक्षीदार म्हनून." नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. जिने चढताना दोनदा थांबले. मी त्यांची पिशवी धरली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, माजी मी धरतो."

मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. आकडे दाखवले आणि मग म्हणाल्या, "शिवाय या मोठ्या दाताचा साचा तुमच्याकडे आहे, असं मला कळलंय."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलंही नाही. गाळ्यात तो साचा पाहू शकणारा माणूस एकच होता, हे कळायला त्यांना बघायची गरज नव्हती. त्यांचे कान मात्र लाल झाले. मला वाटतं, तीस माणसांच्या रांगेत भाकरी उलटली गेली, तेव्हा असेच झाले असतील. फरक एवढाच, की आता पिशवीत हात घालणारा मी होतो.

मग त्यांनी विचारलं, "मॅडम, दात वहीपरास मोठं भरलं का बारीक?"

"मोठे."

"सगळं?"

"सगळे."

"मग माजा साचा बाजूला ठेवा. साच्यातनं काडलेली वस्तू बारीक हुत्या, न्हायतर लई झालं तर तेवढीच ऱ्हात्या. आक्रसत्या ती. शंभराला दोन मोठी हुनारी वस्तू मी जल्मात बघितली न्हाय." आणि बोलता बोलता ते थांबले. "शंभराला दोन," असं स्वतःशीच पुन्हा म्हणाले. मग शर्टाच्या खिशातून त्यांनी आपली पोलादी पट्टी काढली. मॅडमच्या टेबलावर त्यांची साधी पट्टी होती, तिच्याशेजारी शून्याला शून्य लावून ठेवली. मिस्त्रींच्या पट्टीवर जिथं तीनशे होतं, तिथं मॅडमच्या पट्टीवर तीनशे सहा होतं.

मॅडमना कळेना. मला मात्र कळलं. लोखंड निवताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दरवेळी हिशेब करायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचे मिलिमीटर जरा मोठे आखलेले असतात. आमच्याकडे ओतकाम बहुतेक पोलादाचं, ते जास्त आक्रसतं. आमच्या पट्ट्या शंभराला दोननं मोठ्या. मिस्त्रींच्या हातात जन्मभर तीच पट्टी होती. दात मोजायला त्यांनी तीच घेतली आणि प्रत्येक दात कागदावर बारीक झाला. असली चूक दुसरा कुणी करणार नाही. सुताराकडून होणार नाही, शिंप्याकडून होणार नाही. आणि ती पट्टी ओळखणारा त्या खोलीत आदल्या दिवशीही एक माणूस होता. तीस वर्षं मी तसल्या पट्ट्या बघितल्या होत्या. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात साचा होता, पट्टीसाठी जागाच नव्हती.

मिस्त्री खुर्चीत बसले. मॅडमना सगळं समजावून सांगताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "समद्या जगाची मापं खोटी म्हनून सोताची पट्टी धरली," ते म्हणाले. "तिला तेवढं तपासलं न्हाय बघा." मॅडम मोकळेपणानं हसल्या. म्हणाल्या, उलट यानंच सिद्ध झालं, की दात तेच आहेत, सगळे आकडे एकाच मापानं चुकलेत. संग्रह ठेवला जाईल, मिस्त्रींच्या नावानं ठेवला जाईल. त्यांनी माफीही मागितली. मिस्त्री म्हणाले, "माफी कशापायी? तपासलासा, बरं केलासा. न तपासता घेतलं असतं, तर मीच माघारी न्हेलं असतं."

साच्याचं काय, हे मॅडमनी विचारलं नाही. मी तर नाहीच. आठवड्याभरानं शंकरची गाडी बाजारात उभी दिसली. केबिनमध्ये, काचेच्या आतल्या बाजूला, साखळीला एक पितळी दात टांगला होता. तळहाताएवढा, पिवळाधमक, दुरूनही कुणी खरा म्हणणार नाही असा.

"मिस्त्रींनी वतून दिला," शंकर म्हणाला. "मोठा दात मी त्यास्नी दिला न्हवं का, तवा म्हनाले, तुजं बी कायतर तुज्याकडं ऱ्हाय पायजे. दीड-दोन वर्सं झाली की."

त्या दिवसापासून मिस्त्री माझ्याशी बदलले. भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत, बोलायचे थांबले नाहीत, गाळ्यात गेलो की खुर्ची पुढे करायचे, चहा मागवायचे. पण मी म्हटलं, आज उकाडा जास्त आहे, तर म्हणायचे, "असंल." पूर्वी म्हटले असते, कशावरनं? मी म्हटलं, पंचगंगेला पाणी वाढलंय, तर, "असंल." एकदा मुद्दाम सांगितलं, की माझ्या पुतण्याला राधानगरीच्या रानात शार्कचा दात सापडला. धडधडीत थाप. म्हटलं, आता तरी उसळतील, लाव्ह्यावरून सुनावतील. ते लाकडावर रंधा मारत होते. मान वर न करता म्हणाले, "असंल की."

मी घरी त्यांच्या पत्नीकडे गेलो. म्हटलं, वहिनी, मिस्त्री हल्ली फार निवळले, माझ्यावर संशयच घेत नाहीत. मला वाटलं होतं, मी हे हसत हसत बोललो. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"घेत न्हाईत व्हय?" त्या म्हणाल्या. "माज्यावर अजून घेत्यात भावजी. भाजीत मीठ घातलंस का, दार लावलंस का, परत परत इचारत्यात. पोरीला फोन करून एकच गोष्ट तीनदा इचारत्यात. परक्या माणसाला न्हाईत इचारत. परक्याचं खरं काय आनि खोटं काय, त्यास्नी काय करायचंय?"

परतताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर मी बराच वेळ बसलो होतो. मी एका माणसाचा तीस वर्षांचा संशय गमावला होता. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याच्याइतकं काही गमावल्याचं मला आठवत नाही.

मिस्त्री मला शेवटचे दिसले ते कॉलेजात. त्यानंतर तीन आठवड्यांत ते गेले, त्या वेळी मी मुलाकडे होतो, पोचू शकलो नाही. मॅडमनी सगळे दात पुन्हा मोजायचं ठरवलं होतं आणि मिस्त्री रोज दुपारी तिथं जात होते. जुना आकडा एका रेघेनं खोडायचा, शेजारी नवा लिहायचा, खोडाखोडीवर सही करायची. मी दारात उभा राहिलो. आत दोघांची जुंपली होती. मॅडम सांगत होत्या, रुंदी मुळाशी मोजतात. मिस्त्री म्हणत होते, मुळाशी कुठं, वरनं का खालनं, व्हर्नियर तिरका धरलासा. मॅडम वैतागल्या होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसूही होतं. मिस्त्रींना धाप लागली होती आणि डोळे चमकत होते. असे ते माझ्याशी भांडायचे.

मला पाहून म्हणाले, "या इन्स्पेक्टर. बसा."

मी बसलो नाही. मॅडमच्या समोरच म्हणालो, कारण बोललो होतो तेही त्यांच्याच समोर, "मिस्त्री, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं मी. माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर अगदी सौम्य होती, घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी.

"असंल," ते म्हणाले.

मग वहीवर पेन टेकवून मॅडमकडे वळले. "ह्यो आकडा मला पटत न्हाय. परत मोजा."